सातव्या खाटेजवळचं बेसिन

भर दुपारी नेलिदा माशाच्या साराचा डबा आणि साबणाची नवी पांढरी वडी घेऊन वॉर्डात आली. चिंबोते शहरातल्या त्या सरकारी इस्पितळात तिची आई, जिला सगळे मानाने दोन्या सोराइदा म्हणत, खुब्याचं हाड मोडलं म्हणून आली होती. हाड बसलं, पण अँटिबायोटिक सुरू झाल्यावर जुलाब लागले, ते थांबेनात.

वॉर्डात गोडसर, कुजका वास होता. आईच्या सातव्या खाटेजवळच्या बेसिनला तीन महिने पाणी नव्हतं. कडेवर निळ्या साबणाची पातळ चकती सुकून पडली होती.

"दोन्या उर्सुलाची आहे ती," आई पुटपुटली. "बंदरावर कपडे धुवायची. याच खाटेवर, असल्याच जुलाबांनी गेली. टाकू नकोस हं, नव्या वडीला चिकटव. घरी मी अंगठ्याने दाबते ना, तशी."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"तिनंच. दुपारी सगळे पेंगले की हात धुते. ऐक..."

कोरड्या बेसिनमधून हात चोळल्याचा, पाणी पडल्याचा आवाज येत होता. नेलिदाने नळ फिरवून पाहिला; थेंबही आला नाही.

तेवढ्यात सिस्टर ग्रिसेल्दा शेजारणीचं शौचाचं भांडं रिकामं करून आली. हातांवर जेल चोळलं आणि तशीच आईच्या तोंडाशी गोळी धरली.

"थांबा! आधी साबणाने हात धुवा. जुलाबांचा हा जंतू जेलला भीक घालत नाही, तुमचेच डॉक्टर म्हणाले."

"मग डॉक्टरांनाच सांग पाणी भरायला! चाळीस म्हातारे आणि मी एकटी. रोज एक नवी शहाणी येते!"

सिस्टरने तिच्या हातातली पांढरी वडी हिसकावून कपाटात बंद केला आणि किल्ली गळ्यात अडकवली.

चौथ्या दिवशी आई गेली. डॉक्टरांनी कागदावर कारण लिहिलं, वय. वय म्हणे! खणखणीत आवाजाची बाई सुकवून मारली, आणि म्हातारी होती म्हणून कुणाला लाजही वाटली नाही.

दुपारी नेलिदा आईचं कांबळं न्यायला आली. बेसिनमधून तोच आवाज येत होता, पण आता तो हातांच्या दोन जोड्यांचा होता. सिस्टर भिंतीला टेकून उभी होती.

"मी नाही काढला गं... किल्ली बघ, गळ्यातच आहे..."

कोरड्या बेसिनच्या कडेवर पांढरी वडी होती. पाठीवर निळी चकती चिकटवलेली, मधोमध अंगठ्याचा खोल ठसा. नेलिदाने ती उचलली. साबण ओला होता.