चमचाभर पांढरा रस्सा

"ओ पावणं, चपला बाहेर!" मी ओरडले, तेव्हा वृषभ काखेत बाटली मारून आमच्या हॉटेलच्या किचनमध्ये शिरत होता.

चपला काढायला त्याला दोन्ही हात लागले, म्हणून बाटली मला धरावी लागली. मला! गारगार, घामेजलेली... ग्रीसची पांढरी वाईन. त्याची कंपनी ती विकायची आणि आमच्या हॉटेलात तिच्यासोबत कोल्हापुरी जेवणाची पंगत ठरली होती. मी शिवाजी पेठेतल्या बाबालाल आचाऱ्याची पोरगी, त्यामुळे पांढरा रस्सा माझ्याकडे.

"एक घोट चाखून बघा की," तो म्हणाला.

"आमच्यात पीत न्हाईत. तुम्हीच रस्सा चाखा."

"मटणाचा? आम्ही कुरुंदवाडचे जैन—"

"आन् वाईन विकता?"

"धंद्यापुरतं घरी चालतंय."

दोघंही हसत सुटलो. "मग जुळवायचं कसं?" मी विचारलं.

"सांगून," तो म्हणाला.

रोज दुपारी तो स्टुलावर बसायचा, घोट घ्यायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "लिंबाची साल... मग मीठ, समुद्रावरच्या वाऱ्यासारखं... शेवटी जरा कडवट." तेवढ्यात मी त्याच्या पापण्या बघून घ्यायचे, खोटं कशाला बोलू? तिखटापुढे ही वाईन नुसती जळजळते, हे त्याने सांगितलं. मग मी पांढऱ्यातली मिरी कमी केली, नारळाचं दूध घट्ट ठेवलं. आंबटपणा तिचा, मऊपणा माझा.

एका दुपारी त्याने माझ्या हातातला चमचा घेतला आणि सरळ तोंडात घातला.

"वृषभ! अरे—"

"तुझ्या हातचं हाय की..." त्याचे कान लाल झाले होते. "कुणाला सांगू नकोस."

मी पहिलंच वाक्य ऐकलं. दुसरं माझ्यापर्यंत पोचलंच नाही.

"पंगतीला आमचे आण्णा येणार हायत," माझा हात हातात घेऊन तो म्हणाला. "तुला भेटवतो. आपलं सगळं सांगून टाकतो."

पंगतीच्या दिवशी मी ॲप्रनखाली ईदचा जांभळा ड्रेस घातला. पाहुणे वाईनचा घोट घ्यायचे, मग रश्श्याचा, आणि वाटी पुन्हा पुढे करायचे. त्याच्या वडिलांपुढे, आण्णांपुढे नुसती फळं होती, पण लेकाचं कौतुक ऐकून चेहरा कसा खुलला होता! मी दारात उभी राहिले.

"हे जुळवलं कुणी रं?" आण्णांनी विचारलं.

वृषभने माझ्याकडे बघितलं. अगदी नीट बघितलं.

"मीच, आण्णा. किचनमधल्या बायकांनी मदत केली."

पंगत उठल्यावर तो आत आला. "तहरीम, आत्ता वेळ न्हवती गं... पुढं सांगतो की."

"रस्सा खाल्लास, ते सांगितलंस त्यांना?"

"येडी हायस काय? ते कसं सांगणार?"

"व्हय. मग मी पण तेवढीच हाय. चमचाभर. तोंड पुसलं की संपली."

तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले... खरंच थांबले. जीव होता माझा त्याच्यावर. त्याने मागे वळून दाराकडे बघितलं, आण्णा येताहेत का म्हणून.

रिकाम्या बाटल्यांचा खोका मी त्याच्या हातात दिला.

"पावणं," मी म्हणाले, "चपला बाहेर हायत."