बावखलावरची खोली

कॉम्प्युटर बिघडला की लोक आधी तो बंद करून चालू करतात, मग त्याच्या डोक्यावर एक चापट मारतात आणि शेवटी विघ्नेशला फोन करतात. नायगावच्या त्याच्या टॉवरमध्ये हा शिरस्ताच पडला होता. ऑफिसात दिवसभर तेच काम करून आलेल्या माणसाला घरीही तेच काम करायला लावण्यात कुणाला काही वाटत नसे, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते मनातून आवडायचं. मशीन खोटं बोलत नाही, असं तो म्हणे. माणसांबद्दल त्याला तशी खात्री नव्हती.

या खेपेला फोन धाकट्या बहिणीचा होता. उन्नतीला सातवा महिना लागला होता. वटारला सासरी, घरी बसूनच ती एका विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेई. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, जिना चढू नको म्हणून बजावलं होतं. नवरा परेश बोटीवर, बाळंतपणाआधी येण्याचं लक्षण नाही. रजा सुरू व्हायला अजून अवकाश होता, आणि तोवर कामात खंड पडला तर कंपनी हातात नारळ देईल या धास्तीने तिची झोप उडाली होती. कंपनीने नवी ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यांना सक्तीची केली. विघ्नेशने ती नायगावात बसल्या बसल्या तिच्या मशीनवर चढवून दिली. त्या दिवसापासून चालू कॉलमध्ये पडदा निळा पडायचा, मशीन इंग्रजीत माफी मागायचं आणि बंद व्हायचं.

रविवारी सकाळी तो बाइक काढून निघाला. आगाशीचा बाजार मागे पडला की हवा बदलते. दोन्ही बाजूंना केळी, मध्येच सोनचाफ्याची झाडं, आणि प्रत्येक वाडीत एक बावखल. शिंपण्यासाठी पूर्वजांनी खणलेली ही तळी आता एकेक करून बुजत चालली आहेत. उन्नतीच्या सासऱ्यांनी, शत्रुघ्नकाकांनीही परेशच्या लग्नाच्या वेळी घरामागचं बावखल भरून त्यावर नव्या जोडप्यासाठी खोली बांधली होती. कॉम्प्युटर त्याच खोलीत होता.

खोली स्वच्छ, उजेडाची. फक्त लाद्या गार, पायाला किंचित ओलसर लागणाऱ्या. एका कोपऱ्यात जमिनीतून गुडघाभर उंचीचा प्लास्टिकचा पाइप वर आला होता. त्याचं तोंड उघडं होतं आणि कडेवर झेंडूचं एक फूल ठेवलेलं होतं.

"दादा, आज झालंच पाहिजे रे," उन्नती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली. "उद्या कॉल सुटले तर सुपरवायझर वर कळवणार आहे. तसं म्हणाली ती."

"होईल गं. तू पाय वर घेऊन पड. सुतासारखं सरळ करतो त्याला."

त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडून धूळ उडवली. रॅम काढून तिचे दात खोडरबराने घासले, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, नवे ड्रायव्हर घातले. मशीन चालू केलं. उन्नतीने हेडफोन लावून "हॅलो, नमस्कार" म्हणायचा अवकाश, पडदा निळा.

मग त्याने सगळा सरंजाम उचलून पुढे ओटीवर नेला. तिथे मशीन दुपारच्या जेवणापर्यंत तक्रार न करता चाललं. परत मागच्या खोलीत आणलं आणि पुन्हा तेच. वायरिंग तपासलं, त्यात खोट नव्हती. जेवताना उन्नतीच्या सासूबाईंनी, सुनंदाकाकूंनी, दोनदा आमटी वाढली तरी याचं लक्ष नव्हतं. आता त्याला चेव चढला होता.

मशीन कोसळण्यापूर्वीची जी नोंद मागे ठेवतं ती त्याने वाचली. दर वेळी बोट एकाच जागेकडे दाखवलेलं होतं, मायक्रोफोनकडे. नव्या सिस्टीममध्ये आवाज गाळणारा एक प्रोग्राम आला होता. खोलीत ऐकू येईल ते सगळं तो दोन ढिगांत वाटतो. माणसाचा आवाज पुढे पाठवतो. पंखा, कावळे, शेजारचा पंप असला गोंगाट फेकून देतो. या खोलीत त्याला असं काहीतरी ऐकू येत होतं, ज्याला कुठल्या ढिगात टाकावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. तिथेच तो अडायचा आणि सगळं घेऊन कोसळायचा.

विघ्नेशने गाळणी बंद केली, उन्नतीला ओटीवर बसवलं, स्वतः दाराबाहेर उभा राहिला आणि रिकाम्या खोलीतला आवाज रेकॉर्ड केला. मग कानाला हेडफोन लावून तो वाढवून ऐकला.

पंख्याची घरघर होती. तिच्याखाली दुसरं काही होतं. हवा सावकाश आत जात होती. बराच वेळ काही नाही. मग तितकीच सावकाश बाहेर येत होती.

त्याने हेडफोन काढले. तो कोपऱ्यातल्या पाइपाशी जाऊन बसला.

पाइपाच्या तोंडावर त्याने तळहात धरला. गार हवा हाताला लागली, थांबली, आणि मग तळहाताची कातडी हलकेच आत ओढली गेली.

"काका, हा पाइप कशाचा?"

शत्रुघ्नकाका दारात आले. आगाशीला नात्यात साखरपुडा होता, म्हणून त्यांनी पांढरा सदरा घातला होता. "त्याला हात लाऊ नको हां. बावखल भरलं तेवा ठेवलाय तो. खालचं पानी मेलेलं नाय. त्याला नाक ठेवावं लागते. आमच्यात सगले ठेवतात."

"आनि घरात पोटुशी बाई असताना तं कुटलंच भोक बुजवीत नाय," सुनंदाकाकू मागून म्हणाल्या. "उंदराचंपन नाय."

विघ्नेश अदबीने हसला. जवळच्या समुद्राच्या लाटांबरोबर भूगर्भातलं पाणी हेलकावतं, पाइपातली हवा वरखाली होते. शाळेतल्या पोरालाही कळेल. त्यांना समजावत बसण्यात मात्र अर्थ नव्हता. बहिणीची नोकरी जाऊ नये एवढंच त्याला दिसत होतं, आणि संध्याकाळ व्हायला वेळ नव्हता.

काका-काकू रिक्षाने आगाशीला गेले. उन्नतीचा खाटेवर डोळा लागला होता. त्याने झेंडूचं फूल बाजूला ठेवलं, पाइपात जुनी चिंधी कोंबली, वर एमसीलचा गोळा मळून लावला आणि अंगठ्याने कडा दाबून घेतल्या.

गोळ्याला मधोमध खळगा पडला. आतून कुणी ओढल्यासारखा. मग तो घट्ट झाला.

त्याच वेळी उन्नतीने झोपेत मोठा श्वास घेतला, बुडी मारून वर आलेलं माणूस घेतं तसा. हात पोटावर ठेवला आणि पुन्हा शांत झोपली.

मशीन चालू झालं. मायक्रोफोन, गाळणी, सगळं चालू. पडदा निळा पडला नाही. त्याने फूल पुन्हा एमसीलवर ठेवून दिलं. म्हाताऱ्यांचं समाधान कशाला मोडायचं, असं त्याला वाटलं. उन्नती जागी झाल्यावर तिचे डोळे भरून आले आणि तिने त्याला जबरदस्तीने केळफुलाची भाजी डब्यात बांधून दिली. नायगावला परतताना तो बाइकवर चक्क गुणगुणत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून त्याने तिच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावला.

"एकदम मस्त चाललंय, दादा. सकाळपासून एकही कॉल सुटला नाही. सुपरवायझरने शाबासकी दिली." तिचा चेहरा ओढलेला होता, पण ती हसत होती.

"बघ, म्हटलं नव्हतं?"

ती पाणी प्यायला थांबली. बोलणाऱ्याच्या चौकटीभोवती हिरवी रेघ उमटते. उन्नतीच्या ओठांना पेला होता, आणि तिच्याभोवती रेघ उमटली. मावळली. थोड्या वेळाने पुन्हा उमटली.

"उन्नती, खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही. सासूबाई वाडीत गेल्यात. का रे?"

"पाइप बघ. एमसील सुटलंय का?"

ती उठली, कोपऱ्यात वाकली, परत आली. "दगडासारखं झालंय ते. दादा, तू बुजवलास तो? सासूबाईंना कळलं तर..." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? हसू नकोस. बाळ पोटात श्वास घेतं का रे?"

"नाही. पाण्यात असतं ते. श्वास कसा घेईल?"

"काल दुपारपर्यंत लाथा मारायचं. त्यानंतर लाथा नाहीत. नुसतं फुगतं, मग बराच वेळ काही नाही, मग बसतं. थांब, ऐकवते तुला."

"नको. उन्नती, आधी एमसील फोड. हातोडी घे आणि..."

तिने हेडफोन केव्हाच डोक्यावरून काढला होता. त्याचं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मायक्रोफोन तिने पोटावर टेकवला.

पंखा ऐकू आला नाही. कावळे ऐकू आले नाहीत. गाळणीने गोंगाट चोख काढून टाकला होता. उरलेलं त्या प्रोग्रामने माणसाचं म्हणून पुढे पाठवलं, स्वच्छ, कानाशी आल्यासारखं. आत. मग कितीतरी वेळ काही नाही. मग बाहेर.

हिरवी रेघ स्थिर झाली.

पडदा निळा पडावा म्हणून विघ्नेश वाट बघत राहिला. मशीन व्यवस्थित चालू होतं.