हीलियम कोणी कमी केलं?

“हीलियम कोणी कमी केलं?”

ना ओळख ना पाळख, गॅस कंपनीच्या मेकॅनिकचं हे पहिलं वाक्य! मी उडालेच. बाबांच्या वर्कशॉपमध्ये लेझर मशीन मी चालवते, आणि त्या सकाळी लेझर साधा पातळ पत्रासुद्धा कापत नव्हता.

“मी हातसुद्धा लावला नाही!”

“नायट्रोजन कार्बन डायऑक्साइडला ऊर्जा देतो, हीलियम सगळ्यांना थंड ठेवतं. ते कमी पडलं की नळी तापते आणि लेझर मान टाकतो.” त्याने हळूच माझ्याकडे पाहिलं... “तुम्हीही जरा थंड घ्या.”

आगाऊ! पण मला हसू फुटलंच.

त्याने तिन्ही गॅसचं प्रमाण जुळवून दिलं. दहा दिवसांनी पुन्हा तेच, त्यानंतर पुन्हा तेच. खरं सांगू? मशीन रुसलं की मी आधी आरशात बघायला लागले होते. तिसऱ्या खेपेला मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

“साहेब म्हणतात, मला प्रमाणच जुळवता येत नाही. आणखी एक तक्रार गेली तर नोकरी जाईल.”

म्हणजे कोणीतरी मुद्दाम नॉब फिरवत होतं! दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी सिलिंडरमागे दबा धरून बसले. चौथ्या दिवशी चोर सापडला — माझे सख्खे बाबा! चष्मा कपाळावर चढवून हीलियमचा नॉब पिळत होते.

“बाबा!”

ते दचकले. “अगं... पहिल्या वेळी चुकून फिरला. पण तो आला की तू हसतेस. आई गेल्यापासून हसली नव्हतीस.”

रागावू की रडू, तेच कळेना.

मग त्याला फोन करून बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याने नॉबकडे बोट दाखवलं.

“मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. नॉबवर बाबांच्या बोटांचं ग्रीस होतं.”

“मग रिपोर्टमध्ये ‘कारण सापडलं नाही’ असं का लिहिलंत?”

“खरं लिहिलं असतं तर... मला परत कोणी पाठवलं असतं?”

माझ्यासाठी नोकरी पणाला लावली, या वेड्याने! मी रिपोर्ट हिसकावला आणि लिहिलं — ‘हीलियम मालकांनी कमी केलं. मेकॅनिकची चूक नाही.’ बाबांनी मुकाट्याने सही केली.

“झालं,” तो पुटपुटला. “आता मशीन बिघडायचं नाही. मला कोण बोलावणार?”

“मी. रविवारी. वर्कशॉप बंद असतं... तू येशील?”

मी त्याला ‘तू’ म्हणाले? बाबांसमोर? माझा मलाच धक्का बसला. त्याच्या हातातला पाना खणकन खाली पडला.

“किती वाजता?” त्याने विचारलं.