खुर्चीवरची सून

साहेब, जिजाचा खुबा तुम्ही मोडलात!

इंजेक्शनांनी मोडला असं कुणी म्हणत नाही. त्या इंजेक्शनांनी तिचा जीव वाचला, तेवढे उपकार निर्मळच्या त्या घरात आजही मानतात. तुम्ही तो मोडलात तुमच्या जिभेने! मान वर न करता, मोबाइलवर अंगठा सरकवत, एक वाक्य तुम्ही तिच्या सासूच्या ओटीत टाकलंत आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीत. ते वाक्य आता तुम्हाला आठवतही नसेल. मोठ्या माणसांच्या तोंडून काही सांडलं की उचलायला आम्ही आहोतच! सोनुबायने ते उचललं, अंगाऱ्यासारखं जपून घरी नेलं, आणि सुनेला लावलं.

"उतर खाली!"

वाडीत ऊन नुकतं पसरत होतं. निर्मळची जत्रा तोंडावर आली की त्या घरात सुकेळ्यांशिवाय दुसरा विषय नसतो. पिकलेली राजेळी केळी सोलायची, चटईवर उन्हात मांडायची, सांज झाली की गोळा करून पानांत झाकायची, सकाळी पुन्हा उन्हात... असं करता करता केळ्याचा मध त्याच्याच अंगावर येतो, आणि मग केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटांत बांधून ती जत्रेला निघतात. त्यातलं पहिलं सुकेळं देवाचं. म्हणून घरची रीत अशी, की सोलणारीने जमिनीवरच बसायचं; देवाच्या घासाहून उंच कुणी बसायचं नाही.

आणि या घरची थोरली सून जिजा, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून केळी सोलत होती!

"उतर म्हनते ना गो! देवाच्या डोक्यावर बसतेस? महारानी लागून गेलीस?"

"आई, जांघेत कळ येते हो... खाली बसले तर उठवत नाही मला."

"कळ, कळ, कळ! दिवाळी झाली, शिमगा झाला, गनपती येऊन गेले, हिची कळ काय संपत नाय! साहेबानं काय सांगितलाय? बसवून ठेवू नका, कामाला लावा. एवढा शिकलेला मानूस खोटा, नी तू खरी?"

मदतीला आलेल्या शेजारच्या बाया एकमेकींना कोपरं मारत होत्या. त्यातली एक म्हणाली, "असू दे गो सोनुबाय, औंदा खुर्ची, पुढच्या सालाला हत्तीवर बसंल." खिदळल्या सगळ्या. 'खुर्चीवरची सून' हे नाव त्यांनीच पाडलेलं होतं, आणि ते वाडी ओलांडून पार गिरीजपर्यंत पोचलं होतं. जयराम, तिचा नवरा, पाटाला पाणी सोडत पाच हातांवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं, आणि पाटाकडे अशा भक्तिभावाने पाहू लागला की जणू त्यात गंगा अवतरली होती. नवऱ्यांना अशा वेळी कुठे पाहावं हे कुणी शिकवावं लागत नाही.

जिजाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. अपमानाहून मोठी एक वेदना तिच्या अंतःकरणात रुतून बसली होती... कारण जी जीभ तिला आज आसूड मारत होती, त्या जिभेवर एके काळी तिनेच थेंब थेंब पेज सोडली होती!

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरात ताप पहिल्यांदा आला तो सोनुबायला. म्हातारीला वाडीतल्या पंपाच्या खोलीत नेऊन निजवलं, आणि मग सुरू झाला सुपुत्रांचा पराक्रम! थोरला जयराम कुंपणाबाहेरून ओरडे, "आई, वाफ घे!" धाकटा सुरज बोळिंजच्या फ्लॅटमधून व्हिडिओ कॉलवर इतका रडे की मोबाइलची काच ओली व्हावी. पण उंबरा ओलांडला कुणी? तोंडाला पदर गुंडाळून आत शिरली ती परक्याची पोर, जिजा! तिने सासूला भरवलं, कूस बदलली, घाण काढली, श्वास अडकला की पाठीला पाठ लावून बसवली. म्हातारी उठली. सून पडली.

मग तुमचं कोविड सेंटर, साहेब. ऑक्सिजन, स्टिरॉइडची इंजेक्शनं, वाढलेली साखर... मरणाच्या दारातून ती परत आली तेव्हा दारातच तुम्ही उभे होतात. तिच्या हातात गुच्छ, मागे फलक, पुढे फोटोग्राफर. "या ताई आता पूर्ण बऱ्या!" तुम्ही म्हणालात. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. त्या फोटोत तुम्ही गुच्छाकडे पाहताय. तिच्याकडे नाही.

पुढे काही महिन्यांनी जांघेत दुखू लागलं. आधी जिना चढताना, मग चालताना, मग कूस वळताना. पाय ओढत ती सासूला घेऊन तुमच्याकडेच आली. कारण ज्याने जीव वाचवला, त्याला आपलं दुखणं कळेल असा तिचा भाबडा विश्वास! तुम्ही एक्सरे उजेडाला धरलात.

"नॉर्मल आहे."

"साहेब, पण कोरोनानंतरच हे..."

"कोरोना जाऊन किती दिवस झाले? आता जे काही होईल ते कोरोनाने का?" मग मोबाइलमधून मान वर न करताच सासूला उद्देशून तुम्ही हसलात. "आजी, मनाचं आहे हे. लाड झालेत आजारपणात. बसवून ठेवू नका, कामाला लावा. खाली बसू दे, उठू दे, आपोआप पळेल दुखणं."

बस्स! आजारी माणसाच्या घरात पहिली काडी अशी पडते. सोनुबाय जिभेची तिखट होती, पण काळजाची दुष्ट नव्हती. त्या दिवसापर्यंत ती सुनेच्या पायाला स्वतः तेल चोळत होती. त्या दिवसानंतर तेलाची वाटी फडताळात गेली आणि तुमचं वाक्य बाहेर आलं.

आज त्याच वाक्याच्या जोरावर तिने खुर्ची ओढली.

"ऊठ. बस खाली. चांगल्यासाठीच सांगते तुझ्या."

जिजाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. गंगा अजून वाहतच होती. तिने ओठ घट्ट मिटले, एका हाताने नारळाच्या खोडाचा आधार घेतला आणि ती खाली बसू लागली... सासूचा शब्द राहावा, जत्रेच्या दिवसांत घरात कटकट नको, आणि कोण जाणे, साहेब म्हणतात तसं खरंच पळालं दुखणं तर! गुडघे दुमडले. जांघेत आतल्या आत काहीतरी कचकन दबलं. डोळ्यांपुढे काळोख आला, आणि ती आडवी कोसळली ती सोललेल्या केळ्यांवरच. पण तिच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा?

"आई... केळी... देवाची केळी उचला आधी..."

बायांचं खिदळणं थांबलं. सोनुबाय पुढे धावली, "ऊठ गो, ऊठ" म्हणत तिला ओढू लागली, आणि तेव्हा जिजाने जी किंकाळी फोडली ती ऐकून जयरामच्या हातातली कुदळ पाटात पडली.

बोळिंजहून धाकटी जाऊ रचना रिक्षा घेऊन आली. शब्दांचा अपव्यय न करणारी बाई ती. "त्या साहेबांकडे नेलंत तर मी इथेच रिक्षापुढे आडवी पडेन," एवढंच म्हणाली आणि वसईच्या डॉक्टर फेलिशियांकडे गाडी घ्यायला लावली. डॉक्टरीणबाईंनी जिजाचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये मोबाइल वाजला, तो उलटा ठेवला. एमआरआय झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"मांडीच्या हाडाचा वरचा गोळा असतो ना, खुब्यात फिरतो तो, त्याचं रक्त आटलंय. हाड मेलंय म्हणा ना. कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यात स्टिरॉइड. तेव्हा ती इंजेक्शनं द्यावीच लागणार होती, त्यांनीच या वाचल्या. पण त्यानंतर जांघेत दुखतंय म्हटलं की लगेच एमआरआय करायचा असतो. सुरुवातीला एक्सरेत काही दिसतच नाही."

"मग आता?" जयरामने विचारलं. इतक्या महिन्यांत पहिला प्रश्न!

"डावा खुबा दबलाय. बदलावाच लागेल, जत्रा झाली की लगेच करू. उजव्यालाही सुरुवात आहे. तो वाचेल, पण जमिनीवर बसणं बंद. कायमचं."

कोपऱ्यात पदराचा बोळा तोंडाशी धरून सोनुबाय बसली होती. तिने मान वर केली. "बाय... मी तिला बसवली खाली. खुर्ची काढून बसवली. त्यानं झाला काय हा?"

डॉक्टर फेलिशिया उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. "झालं त्याने नाही, आजी. वाढलं त्याने."

त्या म्हातारीने ते ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ ढासळली. आपण मरत होतो तेव्हा जी आत आली, तिला आपण साध्या खुर्चीवर बसूही दिलं नाही... शिकलेल्या माणसाच्या एका हसण्यापुढे घरच्या लेकीचं रडणं आपण खोटं मानलं! काय म्हणावं या करंटेपणाला?

घरी आल्यावर ती जिजाच्या खाटेजवळ जमिनीवर बसली.

"ओरडली का नाय गो तू आधी? माझ्या तोंडावर चार शिव्या का नाय घातल्यास? भांडायचा होता माझ्याशी!"

जिजा छताकडे पाहत होती. "काय भांडू, आई? साहेब बोलले, तुम्ही खरं मानलंत... हळूहळू मीसुद्धा मानलं. रात्री पाय चेपत पडायचे नि स्वतःलाच म्हणायचे, जिजे, तू आळशी झालीस. कामचुकार झालीस. मला माझंच दुखणं खोटं वाटायला लागलं होतं हो..."

"नको बोलू!" सोनुबायने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. "पंपाच्या खोलीत तू माज्या पाठीला पाठ लावलीस... नी मी तुजी पाठ मोडली. माज्यासारखी सासू वैऱ्यालाही नको!"

"आई, उठा आधी, असं पाया पडल्यासारखं नका हो..."

"नाय उठनार! आता मी खाली, तू वर."

आणि ते तिने खरं केलं. दुसऱ्या सकाळी लाल खुर्ची चटईशेजारी मांडली गेली, जयरामने जिजाला उचलून तिच्यात बसवलं, पाय उशीवर ठेवला. त्याच बाया आल्या, त्याच कोपरं मारू लागल्या. सोनुबायने कमरेवर हात ठेवले. "हसा, हसा! ताप आला होता तवा तुमच्यातली कोन माज्या दारात आली होती? आमच्याकडे आता असाच सोलतात. देवाला पटत नसंल तर त्यानं मला येऊन सांगावा." सुकेळी झाली तेव्हा मधाने चकाकणारं पहिलं सुकेळं तिने जिजाच्या तोंडात भरवलं. "देवाला मागनं देऊ. तो निरोगी आहे."

पण साहेब, गोष्ट इथे संपली असती तर तुम्ही सुटला असता!

जत्रेच्या मैदानाशेजारी तुमचं आरोग्य शिबिर लागलं. मोठा फलक: कोरोनावर मात! आणि त्यावर फोटो कुणाचा? हातात गुच्छ घेतलेली जिजा, शेजारी हसरे तुम्ही. सुरज जत्रेहून धावत आला आणि धापा टाकत त्याने घरी सांगितलं. सोनुबायने ऐकलं. उठली. लाल खुर्ची उचलली, डोक्यावर उलटी घेतली आणि चालू लागली. मागून रिक्षात जयराम आणि रचना जिजाला घेऊन आले.

तुम्ही भाषण करत होतात. "आपल्या सेंटरमधून गेलेला प्रत्येक रुग्ण आज ठणठणीत..." गर्दी दुभंगली. म्हातारीने मंचाच्या पुढ्यात खुर्ची ठेवली, आणि दोघांच्या खांद्यांवर भार टाकून, घामाने डवरलेली जिजा तिच्यात बसली. तिच्या डोक्यावर तिचाच फोटो फडफडत होता.

"आजी, तुमचं काय आहे ते कार्यक्रमानंतर..." तुम्ही म्हणालात. "बसा खाली."

"बसा खाली?" सोनुबाय हसली. असं हसली की पुढच्या रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. "अजून तुमचा औषध तोच आहे काय? हिला बसवली मी खाली, तुमच्या सांगन्यावरून. खुबा गेला हिचा! हिनं मला मरनातनं काढली, नी मी हिला तुमच्या शब्दावर लंगडी केली. माजा गुन्हा मी हिच्या पायाशी कबूल केला. आता तुमचा. मनाचा आहे म्हनालात, तर मन कुटं असता मानसाचं? जांघेत? नी हिच्यासारखी किती जनी घराघरांत शिव्या खात बसल्यात, कुनी मोजल्यात काय?"

जिजाने सासूचा पदर ओढला. "आई, पुरे..."

"पुरे नाय! तू गप ऱ्हायलीस म्हनून हा झाला." आणि म्हातारीने मंचाकडे बोट रोखलं. "फोटो काढताना हिच्याकडं बघितला नाय, एक्सरे बघताना बघितला नाय. आता बघा. नी माज्या सुनेला तिच्या तोंडावर सांगा... ही बरी झाली काय?"

जत्रेतले पाळणे फिरत होते, पिपाण्या वाजत होत्या, पण त्या मांडवात सगळे तुमच्या तोंडाकडे पाहत होते. आजही पाहतायत. बोला, साहेब! माइक तुमच्याच हातात आहे.