एकदाच विचारावे

प्रेम कुठलेही नियम मानत नाही, हे या जगातलं सर्वांत मोठं सत्य आहे. ते ज्याने सांगितलं, त्याने अमेरिकेतल्या थीम पार्कात लिंबूसरबत विकलेलं नसावं. तिथे पाहुण्याकडे किती अंतरावरून बघून हसायचं, पेल्यात बर्फ कुठल्या रेघेपर्यंत भरायचा, झाकण लावताना बोट कुठे लागू द्यायचं नाही, या सगळ्याला नियम आहेत.

आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला ज्ञानदा होती. मूळची नाशिकची, स्टेट कॉलेज नावाच्या गावात हॉटेल मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करणारी. उन्हाळ्याची इंटर्नशिप म्हणून ती पेनसिल्व्हेनियातल्या एका पार्कात साधी पाहुणी बनून फिरायची, खायची, प्यायची आणि गुण द्यायची. नाशिकला आई सांगत सुटली होती, की पोरगी रिसर्च करते आहे.

जूनमधल्या एका दुपारी वीज कडाडली, सगळे पाळणे बंद झाले आणि आडव्या पावसातून ज्ञानदा सरबताच्या स्टॉलच्या छपराखाली शिरली. फोनवर आई होतीच. "हो गं, जेवले. अगदी पोटभर." फोन ठेवून तिने वर पाहिलं, तर काउंटरमागचा उंच मुलगा तिच्याकडेच बघत होता. छातीवर नावाची पट्टी – 'शार'.

"मी शार्दूल," तो म्हणाला. "फ्रिस्कोचा. टेक्सस. आणि तू जेवली नाहीयेस."

"कशावरून?"

"माझी आई सेम टोनमध्ये खोटं बोलते. प्रेट्झेल? गरम आहे."

"नको."

"घे ना. थोडासा."

"नको, खरंच…"

"अगं, एवढासा. संपव."

तिने तो पीळ घातलेला खारा पाव संपवला. मीठ, लोणी, ओल्या डांबराचा वास… आणि समोर, ती खातेय याचाच आनंद झालेला एक माणूस. शार्दूलचं मराठी सगळं जेवणाच्या टेबलावर तयार झालेलं. 'घे ना', 'अजून थोडं', 'पानात टाकू नये' एवढं तो अस्खलित बोलायचा. बाकीच्या आयुष्यासाठी त्यात इंग्लिश मिसळायचं.

नियम असा होता : सोबतचा पदार्थ पाहुण्याला एकदाच सुचवावा. नकार आल्यास हसून निरोप द्यावा. पाऊस थांबल्यावर ज्ञानदाने बोटांवरचं मीठ पुसलं आणि त्याचे दोन गुण कापले.

पुढच्या आठवड्यात ती गळ्यात ओळखपत्र अडकवून स्टॉलवाल्यांना ट्रेनिंग द्यायला उभी राहिली, तेव्हा तो पहिल्या रांगेत होता.

"तू?" नंतर त्याने तिला दारात गाठलं. "तो प्रेट्झेल तू खाल्लास यार."

"खाल्ला. छान होता."

"मग?"

"दोनदा विचारलंस. तीनदा, खरं तर. दोनचेच गुण कापलेत."

"थँक्यू," तो गंभीरपणे म्हणाला. "माझी आई तुमच्या पार्कात एक दिवस टिकणार नाही."

त्यानंतर तो सुधारला. इतका, की ज्ञानदाला त्याचा राग येऊ लागला. गरजेपेक्षा जास्त वेळा ती त्याचा स्टॉल तपासायला जायची आणि तो ठरलेल्या अंतरावरून ठरलेलं हसायचा. तिच्याकडे बघून, तिच्या पुढच्या आजोबांकडे बघून, मागच्या रडक्या पोराकडे बघूनही. ज्याला हसण्याचाच पगार मिळतो, त्याच्या हसण्याचा अर्थ लावायचा कसा? कुठल्याच सेमिस्टरला हे शिकवलेलं नव्हतं. फक्त एक गोष्ट होती. तिच्या पेल्यात बर्फ रेघेच्या खाली असायचा. पहिल्या दिवशी 'बर्फाने दात ठणकतात' असं ती सहज बोलून गेली होती. ती रेघ तिने दर वेळी पाहिली आणि दर वेळी लिहायची विसरली.

सप्टेंबरात हंगामाचा शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी कंपनी शार्दूलला टेक्ससच्या पार्कात पाठवणार होती. तिच्या हातात पेला देताना तो ठरलेलं हसला नाही.

"कॉफी प्यायला येशील? शिफ्ट संपल्यावर. म्हणजे… माझ्याबरोबर."

"नको… राहू दे," ज्ञानदा म्हणाली.

हे तिने ठरवून म्हटलेलं नव्हतं. नाशिकला कुणाच्या घरी गेलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. जेवणाआधी हात धुतात, तसं. मग समोरचा पुन्हा विचारतो. ती थांबली.

शार्दूल हसला. नियमाप्रमाणे. "शुअर. हॅव अ वंडरफुल इव्हनिंग."

ती लाकडी घोड्यांच्या चक्रापर्यंत चालत गेली. तिथे तिला कळलं, की तो आता पुन्हा विचारणार नाही. कुणालाच विचारणार नाही. आणि त्याला ते तिनेच शिकवलंय.

ती परत येऊन रांगेत उभी राहिली. पुढे पाण्याच्या राइडवरून निथळत आलेलं एक कुटुंब होतं. त्यांचं आवरलं.

"मघाशी काहीतरी विचारलंस," ती म्हणाली.

"हो. तू नको म्हणालीस."

"तुझ्या आईने परत विचारलं असतं."

"माझ्या आईचे कुणी गुण कापलेले नाहीत." तो काउंटर पुसू लागला. काउंटर स्वच्छ होता. "सीरियसली, ज्ञानदा… नो म्हटल्यावर मी कसा विचारणार? कॉफी इज नॉट अ प्रेट्झेल. तुला हवं असेल तर तू सांग."

एवढंच तिला येत नव्हतं. दुसऱ्याच्या घरी आपण होऊन तिने कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. वाढलं तर घ्यायचं, मागायचं नाही. मागे रांग वाढत होती, कुणीतरी खाकरलं. कानांच्या पाळ्या गरम झालेल्या तिला जाणवल्या.

"मला कॉफी हवी आहे," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर. आणि… तू जाऊ नयेस असंही वाटतंय, पण ते मेन्यूत नाहीये."

त्याने फडकं खाली ठेवलं. मग हात पुसून अगदी शिस्तीत त्याने विचारलं, "एनिथिंग एल्स?"

"नको."

"अगं, घे ना," शार्दूल म्हणाला, आणि या वेळचं हसणं कुठल्याच अंतरावरून बसवलेलं नव्हतं. "अजून थोडं."

"मग रोज फोन कर. टेक्ससहून."

"करतो. अजून?"

"आधी रांग बघ."

पार्कातला कॉफीचा स्टॉल तोवर बंद झाला होता. ओतून टाकायला ठेवलेलं कोमट सरबतच दोघं बाकावर बसून प्यायली.

शेवटच्या तपासणीत ज्ञानदाने बर्फाची रेघ आणि पाहुणीला पुन्हा पुन्हा केलेला आग्रह, दोन्ही प्रामाणिकपणे नोंदवलं. पार्कात एकूण बावीस स्टॉल होते. शार्दूलचा बाविसावा आला.