बहाव्याला पाणी नको

रोज पाणी मिळणारं झाड तहानेनं मरेल का? तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! शाल्मलीही तेच म्हणायची. पण इस्पितळामागची बाग तिच्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती, आणि ठिबकच्या नळ्या तर रोज संध्याकाळी न चुकता टपटपत होत्या.

गाव चंद्रपूरच्या पुढचं. कोळशाच्या खाणी केव्हाच बंद पडल्या होत्या, ऊन मात्र वर्षागणिक वाढतच होतं. ही बाग शाल्मलीच्या बाबांनी आखलेली. सुहास पिंपळशेंडे म्हणजे भूदृश्यरचनाकार (बागा, मैदानं, रस्त्याकडेची झाडं अशा मोकळ्या जागांची आखणी करणारे). आडनावातच झाड, तर दुसरं काय करणार! पेशंटबरोबर आलेली माणसं दिवसभर त्या बागेच्या सावलीत बसायची. त्यातला बहावा शाल्मलीच्या जन्माच्या वर्षी लावलेला. तो तिचा. त्याला ती ठिबकशिवाय वरून आणखी पाणी घालायची.

यंदा इस्पितळवाल्यांनी बाबांना सांगून टाकलं होतं, की हवामान अनुकूलनाचं (बदललेल्या हवामानात निभावून न्यायला शिकण्याचं) प्रशिक्षण पास व्हा, नाहीतर बाग काढून आम्ही पत्र्याची शेड टाकतो. शिकवायला एक यंत्रमानव आला. सगळे त्याला मास्तर म्हणत. हसायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मास्तरच्या पोटात भूवेधी रडार (जमिनीत लहरी सोडून आतलं चित्र काढणारं यंत्र) होतं. तो बागेतून फिरला आणि त्याच्या छातीवरच्या पडद्यावर मुळं दिसू लागली. शाल्मली धावत गेली.

"माझा बहावा दाखवा ना, मास्तर!"

पडद्यावर मुळांचं एक भेंडोळं दिसलं. वर मोठं झाड, आणि मुळं जेमतेम वीतभर खोल.

"एवढीशीच काहून?" तिनं विचारलं.

"मूळ ओलीच्या मागे वाढतं," मास्तर म्हणाला. "वर रोज थोडं पाणी मिळालं, तर ते खाली कशाला जाईल?"

"घरपोच डबा येतो, तर बाजारात कोण जातंय," बाबा पुटपुटले.

"बरोबर. शिवाय खड्ड्यात मऊ काळी माती भरलीत आणि बाहेर ठेवलात कडक मुरूम. मुळं खड्ड्यातच गोल गोल फिरली. पूर्वी हे चालून गेलं. आता वरची माती दुपारी तव्यासारखी तापते. मूळकेस (पाणी शोषणारे मुळांवरचे बारीक तंतू) त्यात भाजून मरतात. मग वरून कितीही पाणी ओता, पिणार कोण?"

बाबांचा चेहरा पडला. "आम्ही तर लाड केले हो त्यांचे."

"आखणी जुन्या उन्हाळ्यासाठी केलीत, सर. आता पुढच्या उन्हाळ्यासाठी करायची. मुरूम पहारीनं फोडा. पाणी खोडाशी नको, फांद्यांच्या टोकांखाली द्या. रोज घोटभर नको, पंधरवड्यातून एकदा भरपूर. ते खोल झिरपेल, आणि मुळं त्याच्यामागे हळूहळू उतरतील."

"मग सगळी वाचतील?" शाल्मलीनं विचारलं.

"नाही. पाणी निम्म्या झाडांपुरतंच आहे. कोणती ठेवायची ते सरांनी ठरवायचं. तीच परीक्षा."

बाबा चुन्याची बादली घेऊन निघाले. वाचवायच्या झाडांवर ते पांढरा पट्टा ओढत होते. शेवटी ते बहाव्यापाशी आले, लेकीकडं बघितलं आणि त्यालाही पट्टा ओढला.

"नापास," मास्तर म्हणाला. "याच्याखाली कातळ आहे. मुळं उतरणार नाहीत. याच्या वाट्याच्या पाण्यात शेजारचे तीन करंज जगतील."

"एवढं एक राहू द्या हो. पोरीचं झाड आहे."

"नोंद घेतली. तरी नापास."

"तुम्हाला काय कळतंय! पत्र्याचे नुसते!" शाल्मली ओरडली आणि तिला रडूच फुटलं. पलीकडे करंजाखाली एक आजी बसल्या होत्या. सावली सरकली, की त्याही आपलं गाठोडं घेऊन तेवढंच सरकायच्या. शाल्मली बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं ओढणीचं टोक ओलं केलं आणि बहाव्यावरचा ओला चुना खसाखसा पुसून काढला.

"आता बघा, मास्तर," ती म्हणाली.

"पास," मास्तर म्हणाला, आणि बाबांनी बादली उचलून शेजारच्या तीन करंजांवर पट्टे ओढले.

त्या वैशाखात बहावा कधी नव्हे इतका फुलला. पानं दिसेनात, नुसते पिवळे घोस. माणसं फोटो काढायची, म्हणायची, काय खुशीत आहे झाड! मास्तरनं मात्र तिला खरं सांगितलं. मरणाच्या दारातलं झाड कधी कधी असं फुलतं, जाण्याआधी बी मागे ठेवता यावं म्हणून. ते ऐकून ती त्या रात्री जेवली नाही. ज्येष्ठात बहावा वाळला.

तो तोडण्याआधी तिनं गेल्या वर्षीच्या काळ्या लांब शेंगा उतरवल्या. बियांचं कवच दगडासारखं, म्हणून तिनं त्या काचकागदावर घासल्या. कातळ नव्हता तिथं मास्तरनं जागा दाखवली. रोपवाटिकेच्या पिशवीत मुळं वाकतात, म्हणून बिया थेट जमिनीतच पेरल्या. एक रुजली.

पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं. करंजांनी आता दाट सावली धरली होती, आणि बाबा दुसऱ्या गावातल्या बागेचा मुरूम फोडायला जात होते. एका दुपारी रोपानं मान टाकली. शाल्मली तांब्या घेऊन धावली.

"पाजू का?"

"अजून नाही," मास्तर म्हणाला. "खालची माती ओली आहे. ऊन उतरलं की ते पुन्हा उभं राहील."

"मरेल हो ते!"

मास्तरनं वाकून पडदा तिच्यासमोर धरला. वर चार मलूल पानं होती. खाली सोटमूळ (सरळ खाली जाणारं मुख्य मूळ) तिच्या हाताएवढं लांब गेलं होतं आणि त्याचं टोक ओलीत शिरलं होतं.

"जा गं बाई, अजून खाली जा," शाल्मली रोपाला म्हणाली. तांब्यातलं पाणी तिनं स्वतःच पिऊन टाकलं, आणि रडत रडत घरी गेली.