नाचणारा डबा

शेतात पडून असलेल्या चाकांच्या डब्याचं दार उघडलं तेव्हा आधी कोंबड्या बाहेर आल्या, मग वास आला आणि मग बनूचा सोबती श्रीमंत बाहेर पडला. त्याच्या केसांत पिसं अडकली होती.

"आत काय हाय?" बनूनं विचारलं.

"घाण," श्रीमंत म्हणाला. "आन् तिच्याखाली आनखी घाण."

गोरक्ष एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं खिडकीची काच पुसत होता. तो बनूचा मामेभाऊ, भिंगारचा, सुट्टीपुरता आत्याकडे आलेला. त्याचे वडील लष्कराच्या कोठारात कारकून होते. त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द आपलाच, असं त्याला वाटे.

"ही बिनतारी संदेशाची गाडी आहे," त्यानं जाहीर केलं. "आमच्याकडे अशा ढिगानं आहेत."

तेवढ्यात बांधावरून एक ढेकूळ आलं आणि डब्याच्या पत्र्यावर आपटून फुटलं. मागोमाग आप्पासाहेब आले. शेत त्यांचं, डबा त्यांचा, कोंबड्याही त्यांच्याच. त्यांनी तिघांच्या आईबापांचा उद्धार केला. अंडी चोरायला आलात म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून विहिरीवर पाण्याला आलेल्या बायका हंडे तसेच ठेवून बघायला आल्या.

श्रीमंत पळायच्या बेतात होता. बनूनं त्याचा सदरा धरून ठेवला. तिला पळायचं नव्हतं, मागायचं होतं.

ते त्र्याहत्तर सालचं मे महिन्याचं ऊन होतं. सुप्याजवळच्या त्या वाडीत दोन वर्षं पीक नव्हतं. उताराखाली दुष्काळी कामावर सगळं गाव खडी फोडत होतं. बनूची आई रतनबाईही तिथंच होती. बनूचा तान्हा भाऊ कानिफ बाभळीला बांधलेल्या झोळीत दिवसभर पडून असायचा. पण बाभळीला पानं उरली नव्हती. परवा त्याला उन्हानं ताप भरला होता, आणि कामावरचं एक लेकरू तर तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. बनूला सावली हवी होती. डब्याला छप्पर होतं.

तिनं हे सगळं एका दमात सांगितलं. आप्पासाहेब पोट धरून हसले. हा डबा त्यांच्या वडिलांनी नगरला लष्कराच्या लिलावात घेतला होता, आणि तेव्हापासून तो कुणालाच धड ओढता आला नव्हता. ट्रॅक्टरमागं जोडला की नाचायचा. गेल्या वर्षी तो उलटला आणि ड्रायव्हर पुंजारामचा पाय मोडला. तेव्हापासून गावात सगळे त्याला बाधलेला डबा म्हणत.

"न्या की," ते बायकांकडे बघत म्हणाले. "कामावर धड पोचला, तर पाऊस पडंपत्तुर तुमचा. न्हाई पोचला, तर भंगारवाल्याचा. आईतवारी येनारच हाय तो."

"पोचला तरी मी माझं नातवंड त्यात घालायची न्हाई," दगडाबाई म्हणाली. कामावरच्या बायकांत ती सगळ्यांत म्हातारी, आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. "बाधा काय दात दावून येती का?"

बायका निघून गेल्या. जाताना एकीनं बनूकडे बघून बोटं मोडली.

घरीही कुणी कौतुक केलं नाही. रतनबाईनं रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी ताटात आदळली. दिवसभर खडी फोडून आल्यावर गावाची बोलणी ऐकायला आपल्यात त्राण नाही, असं तिनं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी खराट्यानं आणि फावड्यानं डबा रिकामा केला. घाणीखाली लाकडी जमीन निघाली. पुढच्या बाजूला समोरासमोर दोन बाकं आणि मधे टेबल होतं, बाकांच्या पोटात झाकणाच्या पेट्या होत्या. गोरक्ष बिनतारी यंत्राच्या खुणा शोधत राहिला. मिळेना तेव्हा यंत्र काढून नेलं असणार म्हणाला.

बनूनं भिंतीतलं एक फळकूट ओढलं. ते कपाट होतं. आतल्या फळीला ओळीनं गोल भोकं पाडलेली होती.

"इथं दिवे बसवत असतील," गोरक्ष म्हणाला.

बनूनं घरून कप आणला आणि भोकात ठेवला. तो कानापर्यंत नीट बसला. डबा हलवला तरी हलेना.

"तुझे शिपाई चहाच प्येत हुते का दिवसभर?" श्रीमंतनं विचारलं.

गोरक्षनं कप उचलून पुन्हा भोकात बसवून बघितला. मग त्याला बाकांमधलं टेबल खाली सरकवता आलं, आणि ते बाकांच्या बरोबरीनं बसून ऐसपैस पलंग झाला. छताला काजळीचा डाग होता, त्याखाली स्टोव्ह ठेवायची पत्र्याची जागा. बाहेर चारही कोपऱ्यांना पोटाखाली दुमडलेले लोखंडी पाय होते. हे सगळं बघून त्यानं अखेर मान्य केलं की ही लढाईची गाडी नव्हे. फिरायला जाताना साहेबलोक मोटारीमागं जोडून न्यायचे ते हे घर, ट्रेलर.

"घर हाय," बनू म्हणाली. "मंग घरासारखंच दुरुस्त करू."

कुजलेल्या जमिनीवर त्यांनी जुन्या दाराच्या फळ्या ठोकल्या. गंजलेल्या खिडक्या रॉकेल चोळून मोकळ्या केल्या. ऊन परतून जावं म्हणून छताला चुना फासला. चाकांसाठी मात्र छगनकडे जावं लागलं. पुणे रस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. जीपचे दोन जुने टायर त्याच्याकडे धूळ खात पडले होते. ते तो देईना. पोरांशी व्यवहार करत नाही म्हणाला. शेवटी पंक्चर शोधायच्या घमेल्यात रोज ताजं पाणी आणून द्यायच्या बोलीवर तयार झाला, आणि पहिल्याच दिवशी पाणी गढूळ आहे म्हणून ओरडला.

शनिवारी सकाळी डबा चाकांवर उभा राहिला. आप्पासाहेबांनी पुंजारामला ट्रॅक्टर जोडायला सांगितला. त्यात त्यांचा स्वार्थ होता. कामावर प्यायच्या पाण्याचं पिंप रोज त्यांच्या विहिरीवरून बैलगाडीनं जायचं. ते आज डब्यातूनच जावं, म्हणजे बैलांची एक खेप वाचेल. पिंप कुठं ठेवायचं तेही त्यांनी स्वतः उभं राहून दाखवलं. मागच्या भिंतीशी.

वाडीतून निघेपर्यंत डबा शहाण्यासारखा चालला. उतार लागला, ट्रॅक्टरनं वेग घेतला, आणि डब्याचं शेपूट हलायला लागलं. आधी थोडं, मग इकडून तिकडं, मग ट्रॅक्टरलाच हिसके बसायला लागले. पुंजारामनं कसाबसा वेग कमी केला. डबा रस्त्यावर आडवा झाला, एका चाकावर उभा राहिला आणि धप्पकन पुन्हा खाली आला. पिंप मात्र आतच आडवं झालं. दारातून पाणी धो धो वाहिलं आणि फुफाट्यानं ते बघता बघता पिऊन टाकलं.

खालून बायका धावत आल्या. त्यांचं दिवसभराचं पाणी होतं ते. कुणी डब्याला शिव्या दिल्या नाहीत, सगळ्या पोरांना दिल्या. रतनबाईनं चारचौघांत बनूच्या थोबाडीत मारली. मुकादम आबासाहेबानं पोरांनी पुन्हा कामाच्या जागी पाय ठेवायचा नाही असं बजावलं. कानिफ झोळीत रडत होता, आणि बनूला त्याला उचलायलाही जाता आलं नाही.

आप्पासाहेब सगळ्यांत शेवटी आले. पिंप पुरतं मागं नव्हतं म्हणून असं झालं, हे त्यांनी बघताक्षणी ठरवलं. उद्या डबा उताराखालून हमरस्त्यावर न्यायचा, तिथं भंगारवाल्याचा ट्रक येईल. आणि पाणी सांडलं पोरांनी, तर उद्याचं पिंप पोरांनीच शेंदून भरायचं आणि वाटेत कामावर उतरवायला डब्यात पुरतं मागं बांधायचं.

संध्याकाळी पुंजाराम ट्रॅक्टर पुसत बसला होता. गोरक्ष आणि श्रीमंत लांबच थांबले. बनू सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. जा म्हटल्यावरही हलली नाही.

"पुंजारामदादा, मोकळा डबा कवा नाचला हाय का?"

पुंजारामनं फडकं थांबवलं. "मोकळा न्हाई नाचत. भरला की नाचतो."

"गेल्या साली काय भरलं हुतं?"

"सरकी. पोती हुती."

"कुठं ठिवली हुती?"

"मागं," तो वैतागून म्हणाला. "गाडी भरायची रीत ठावं न्हाई व्हय तुला? वजन पुढं आलं तर जू बैलाच्या मानंवर बसतं. मान सोलून निघती मुक्या जनावराची. म्हनून मागं भरायचं. आमी बापजाद्यापासून तसंच भरतो."

"पर बैल कुठं हुता?" बनू म्हणाली.

पुंजारामनं ट्रॅक्टरकडे बघितलं, मग डब्याच्या दांड्याकडे. मग आपल्या पायाकडे. आणि फडकं खांद्यावर टाकून तो लंगडत निघून गेला.

उजेड होता तोवर त्यांनी करून बघितलं. छगनच्या भंगारातली दोन बेअरिंगं एका खोक्याला लावली, काठीचा दांडा केला आणि तो सायकलच्या कॅरिअरला बांधला. खोक्यात मागच्या बाजूला दगड ठेवला. गोरक्षनं उतारावरून सायकल सोडली, आणि खोकं असं नाचलं की गोरक्ष घाणेरीच्या झुडपात गेला. त्याच्या कोपराचं सालटं निघालं. मग दगड पुढं ठेवला. खोकं सायकलमागून मुकाट चाललं. खात्री नको का, म्हणून श्रीमंतनं पुन्हा दगड मागं ठेवायला सुचवलं. या वेळी सायकल तूच चालव, असं गोरक्षनं सांगितल्यावर त्याची एकदम खात्री पटली.

"आप्पांना सांगूया," गोरक्ष म्हणाला.

बनूनं नाही म्हणून मान हलवली. पोरांनी सांगितलं म्हणजे आप्पा मुद्दाम उलटं करणार. तिला वेगळं काही सुचलं होतं.

रविवारी सकाळी आप्पासाहेब आले तेव्हा पिंप डब्यात अगदी मागच्या भिंतीला दोरानं आवळून बांधलेलं होतं, वर झाकण. ते समाधानानं म्हणाले, मार खाल्ल्यावर अक्कल येते पोरांना. त्यांनी पिंपावर थाप मारायला हात उचलला. बनूनं श्रीमंतला कोपरानं ढोसलं.

"आप्पा, तुमच्या धोतराला चुना लागला," श्रीमंत म्हणाला.

तो खरंच लागला होता. आप्पासाहेब धोतर झटकत, शिव्या देत खाली उतरले.

पुंजाराम दांडा जोडायला वाकला. दांडा उचलताना नेहमीपेक्षा जड लागला. त्यानं एकवार पुढच्या बाकांकडे बघितलं, मग बनूकडे. आणि त्यानं खीळ घातली. बनू ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली, मागं तोंड करून. आप्पासाहेब दुसऱ्या मडगार्डवर बसले. गोरक्ष आणि श्रीमंत सायकलवरून मागोमाग निघाले.

उतार आला. आप्पासाहेबांनी दोन्ही हातांनी मडगार्ड पकडलं. पुंजारामचे ओठ हलत होते, कुठल्या देवाचं नाव घेत होता कोण जाणे. ट्रॅक्टरनं वेग घेतला. बनू डब्याच्या शेपटावरची नजर काढेना. ते हललं. एकदाच, खड्ड्यात चाक गेलं तेव्हा. मग पुन्हा सरळ झालं आणि सरळच राहिलं. काल जिथं डबा आडवा झाला होता ती जागा आली आणि गेली.

कामाच्या जागी बायकांनी हातोडे थांबवले. काही जणी मागं सरल्या. आप्पासाहेब उडी मारून उतरले.

"बघा," ते म्हणाले. "पिंप पुरतं मागं बांधलं, कसा सरळ आला. काम जानत्यानं सांगावं लागतं."

दगडाबाई तोवर तांब्या घेऊन आत चढली होती. तिनं झाकण काढलं, तांब्या आत घातला, आणि तो तळाला लागून ठण्ण वाजला.

"पानी कुठंय, आप्पा?"

बनूनं पुढच्या बाकाची झाकणं उचलली. दोन्ही पेट्यांत भुश्यात रोवलेल्या घागरी होत्या, तोंडाला फडकी बांधलेल्या, काठोकाठ भरलेल्या.

"मागं कायच नव्हतं," ती म्हणाली. "जड ते सारं पुढं हुतं. ट्रॅक्टरला मान नसती, आप्पा."

मग पुंजाराम सावकाश खाली उतरला आणि आप्पासाहेबांसमोर येऊन उभा राहिला.

"सरकीची पोतीबी तुमीच मागं लावली हुती," तो म्हणाला. "आन् वर्सभर समद्यांनी मलाच इचारलं, किती पिला हुतास."

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. भंगारवाल्याचा ट्रक रस्त्यावर येऊन थांबला असेल, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी पुंजारामला पुढं चलायला खुणावलं. पुंजारामनं वाकून दांड्याची खीळ काढली आणि बनूच्या हातात दिली.

"शब्द दिलाय तुमी," दगडाबाई म्हणाली. "मी हुते तिथं. समद्या हुतो."

बायका डब्याभोवती आल्या होत्या. हातोडे अजून त्यांच्या हातांतच होते. आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, हातोड्यांकडे बघितलं, आणि मोकळ्या ट्रॅक्टरवर जाऊन बसले.

श्रीमंतनं पान्यानं कोपऱ्यातले पाय खाली सोडले, गोरक्षनं चाकांना दगड लावले. मुकादम आबासाहेबानं डब्याला चक्कर मारली, पाय हलवून बघितले आणि कालचं सगळं मागं घेतलं. शाळा शिकून झाली की ही पोरं माझ्या हाताखाली पाठवा, आमच्या ओव्हरसियरपेक्षा बरी आहेत, असं तो मोठ्यानं म्हणाला. दगडाबाईनं कौतुक केलं नाही. ती नातवाला उचलून घेऊन आली, त्याला बाकावर निजवलं, आणि डब्यात पायताणं घालून कुणी चढायचं नाही असा हुकूम सोडला.

रतनबाई शेवटी आली. तिनं बनूच्या गालावरून पालथा हात फिरवला, काल मारला होता त्याच गालावरून. "लई शानी झालीस," ती म्हणाली. तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण आबासाहेबानं कामाला हाक दिली.

कानिफ बाकावर उताणा पडला. आत सावली होती, खिडकीतून वारा येत होता. उन्हात मुठी घट्ट वळून, डोळे मिटून रडणाऱ्या त्या पोरानं डोळे पुरते उघडले आणि त्यानं छताकडे बघून पाय झाडले. बाहेर खडी फुटायला लागली. बनू त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या तोंडावरची माशी हाकलू लागली.